उत्क्रांतीवरचे सहा आक्षेप आणि त्यांची उत्तरे

१. हा पाठ कशासाठी?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे वैदिक संमेलन भरले होते. त्या वेळचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तेथे सांगितले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, तसे कोणी लिहून किंवा सांगून ठेवले नाही, म्हणून अभ्यासक्रम बदलायला हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. दिल्ली, बंगळुरू आणि अलाहाबाद येथील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून हे म्हणणे खोडून काढले आणि उत्क्रांती अभ्यासक्रमातून काढणे हे मागे जाणारे पाऊल ठरेल असे बजावले.

पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यातली उत्क्रांती गळाली आणि फक्त ‘आनुवंशिकता’ उरली. कोविडनंतर विद्यार्थ्यांवरचा भार कमी करायचा होता आणि बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असे त्याचे समर्थन करण्यात आले. १८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी जाहीर पत्र लिहून विरोध नोंदवला.

बारावीचे उत्तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लागू पडत नाही. दहावीनंतर गणित घेणारा विद्यार्थी बहुधा जीवशास्त्र सोडतो. दिल्लीच्या द्वारका उपनगरात मी शिकवतो. तेथे केंद्रीय मंडळातून येणारा विद्यार्थी यापुढे उत्क्रांतीचे एक पानही न वाचता अभियंता होऊ शकतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे.

दुसरे असे की उत्क्रांतीवरचे बरेच आक्षेप आपल्याच विषयांची भाषा बोलतात: उष्मागतिकी, संभाव्यता, रचना. त्यामुळे ते अभियंत्याला चटकन पटतात. म्हणून त्यांची तपासणीही आपणच केली पाहिजे.

२. सिद्धांत नेमका काय आहे?

चार्ल्स डार्विनचे पुस्तक १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली यंत्रणा तीन वाक्यांत सांगता येते. एकाच जातीच्या जीवांमध्ये लहानमोठे फरक असतात. त्यांतले काही फरक पुढच्या पिढीत उतरतात. ज्या फरकांमुळे जगण्याची आणि प्रजननाची शक्यता वाढते, ते पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक जीवांमध्ये दिसू लागतात. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. फरक मुळात डीएनएची नक्कल होताना होणाऱ्या चुकांमुळे, म्हणजे उत्परिवर्तनांमुळे निर्माण होतात, हे विसाव्या शतकात कळले.

‘ही तर नुसती थिअरी आहे’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. कॉलेजात थिअरीचा पेपर आणि प्रॅक्टिकल वेगळे असल्यामुळे थिअरी म्हणजे पुस्तकी गोष्ट असे वाटू लागते. मराठीतला ‘सिद्धांत’ हा शब्द अधिक अचूक आहे. तपासून सिद्ध झालेला निष्कर्ष, असा त्याचा अर्थ. अंदाजाला आपल्याकडे ‘गृहीतक’ हा वेगळा शब्द आहे.

३. आक्षेप पहिला: कोणी पाहिले आहे?

सत्यपाल सिंह मंत्री होण्यापूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. साक्षीदार नसलेला गुन्हा कसा सिद्ध होतो हे पोलिसांना कोणी शिकवायला नको. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, पंचनामा, डीएनए चाचणी या परिस्थितीजन्य पुराव्यांची साखळी पूर्ण झाली की न्यायालय निकाल देते. घटना पुन्हा घडवून दाखवा, असे तेथे कोणी म्हणत नाही.

शिवाय आक्षेपातले विधानही उत्क्रांतीचे नाही. आजच्या माकडाचा माणूस झाला, असे कोणताही जीवशास्त्रज्ञ म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे समाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होते. नात्याच्या भाषेत चिंपांझी आपला आजोबा नाही, तो लांबचा चुलतभाऊ आहे. म्हणूनच ‘मग आज माकडे का शिल्लक आहेत?’ हा प्रश्न ‘मी आहे, तर माझा चुलतभाऊ का आहे?’ असे विचारण्यासारखा आहे.

आणि जिथे पिढ्या लवकर बदलतात, तिथे उत्क्रांती डोळ्यांदेखत दिसते. द्वारकेच्या सेक्टर ८ मध्ये राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आहे. मलेरियाच्या परजीवीवर क्लोरोक्वीन हे एके काळी हुकमी औषध होते. १९७३ मध्ये आसाममध्ये त्याला दाद न देणारा फॅल्सिपेरम परजीवी आढळला. हा प्रतिकार प्रामुख्याने एका प्रथिनातल्या बदलांतून येतो, आणि त्यांत ७६ व्या जागेवरचे अमिनो आम्ल बदलणे निर्णायक ठरते. औषधाने संवेदनशील परजीवी मारले, बदललेले उरले आणि पसरले. अखेर भारताला फॅल्सिपेरम मलेरियाचे उपचारधोरणच बदलावे लागले.

विदर्भातल्या शेतकऱ्याने हेच कपाशीवर पाहिले. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे सुधारित वाण २००६ मध्ये आले, आणि २०१७ च्या हंगामात त्याच वाणाच्या बोंडांत गुलाबी बोंडअळीने थैमान घातले. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जात असे, ते याच धोक्यासाठी. शेताच्या कडेला बिगरबीटी कपाशी असेल तर तिच्यावर साध्या अळ्या जगतात. प्रतिकारक्षम पतंगांचा संकर मग या साध्या पतंगांशी होतो आणि प्रतिकार पसरण्याचा वेग मंदावतो. बहुतेक ठिकाणी ही कड पेरलीच गेली नाही. उत्क्रांती मानली काय आणि न मानली काय, ती शेतात घडतच होती.

४. आक्षेप दुसरा: अळी अळीच राहिली

‘लहान बदल मान्य, पण एका प्रकारच्या प्राण्याचा दुसरा प्रकार होत नाही. मधले दुवे दाखवा,’ असे यावर म्हटले जाते. मधले दुवे आपल्याच उपखंडात सापडले आहेत. देवमासा हा सस्तन प्राणी आहे. तो हवेत श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो. त्याचे पूर्वज जमिनीवरचे असतील तर तसे जीवाश्म मिळायला हवेत.

जम्मूतल्या कालाकोट परिसरातून ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांतून इंडोह्यूस या सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या लहान खुरवाल्या प्राण्याचे अवशेष मिळाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की त्याच्या कानाच्या हाडाची जाड भिंत देवमाशांच्या कुळात आढळते तशी आहे. पाकिस्तानात अॅम्ब्युलोसेटस सापडला. त्याला चालता येतील असे पाय होते आणि तो पोहतही असे. गुजरातच्या कच्छमध्ये आखूड पाय आणि लांब शेपटीचा कच्छिसेटस सापडला. आजच्या देवमाशाच्या शरीरातही कंबरेची छोटी हाडे शिल्लक आहेत.

दुसरा पुरावा जनुकांतला आहे. दोन विद्यार्थ्यांची उत्तरे सारखीच बरोबर असली तर शिक्षकाला संशय येत नाही. दोघांची चूक मात्र त्याच ओळीत, तशीच असली की कॉपी कळते. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. माणूस बनवू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारे जनुक आपल्यात मोडक्या अवस्थेत पडून आहे. चिंपांझी आणि इतर माकडांमध्येही तेच जनुक मोडलेले आहे, आणि मोडतोडीच्या खुणा जुळतात. गिनीपिगमध्येही ते मोडलेले आहे, पण वेगळ्या पद्धतीने. मूळ वही एकच असल्याशिवाय ही चूक अशी जुळत नाही.

तिसरा पुरावा मोजणीचा. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. पूर्वज समाईक असतील तर आपल्या वंशात दोन गुणसूत्रे जोडली गेली असावीत, आणि त्या जोडाची खूण दिसायला हवी. १९९१ मध्ये ती सापडली. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मध्यभागी, एरवी फक्त टोकांना असणारा डीएनएचा क्रम समोरासमोर जोडलेला आहे.

५. आक्षेप तिसरा: उष्मागतिकीचा दुसरा नियम

‘एन्ट्रॉपी वाढतच जाते, मग साध्यातून गुंतागुंतीचे कसे निर्माण होईल?’ द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने याचे उत्तर स्वतः द्यायला हवे. नियम विलग प्रणालीसाठी आहे. फ्रिजमध्ये पाण्याचा बर्फ होतो, म्हणजे पाण्याची एन्ट्रॉपी घटते. त्याच वेळी फ्रिजमागची जाळी खोलीत त्याहून अधिक एन्ट्रॉपी सोडते.

पृथ्वी विलग नाही. सुमारे ५८०० केल्विन तापमानाच्या सूर्याकडून ती ऊर्जा घेते आणि सरासरी २५५ केल्विनला तीच ऊर्जा अवकाशात परत सोडते. आत येणाऱ्या प्रत्येक फोटॉनमागे ढोबळमानाने वीस फोटॉन बाहेर जातात. एवढी एन्ट्रॉपी बाहेर जात असताना पृथ्वीवर स्थानिक सुव्यवस्था वाढायला नियमाची आडकाठी नाही. हा आक्षेप खरा असता, तर बीपासून वडही वाढला नसता.

६. आक्षेप चौथा: हे सगळे योगायोगाने कसे होईल?

समजा १०० नाणी एकदम उडवली. सर्वांवर छापा पडण्याची संभाव्यता २ च्या १०० व्या घातात एक, म्हणजे सुमारे १ च्या पुढे ३० शून्ये इतक्या वेळांत एकदा. दर सेकंदाला एक फेक केली तरी विश्वाचे आजवरचे वय पुरणार नाही.

आता नियम बदला. छापा पडलेली नाणी तशीच ठेवा, फक्त काटा पडलेली पुन्हा उडवा. सरासरी आठ फेऱ्यांत सर्व छापे पडतात. फेक दोन्हीकडे योगायोगाचीच आहे. फरक पडला तो निवडीमुळे. आक्षेप घेणारे पहिली आकडेमोड करतात, निसर्ग दुसऱ्या रीतीने चालतो. उदाहरणाची मर्यादाही लक्षात ठेवा. निसर्गासमोर ‘१०० छापे’ असे ठरलेले लक्ष्य नसते. त्या वेळी, त्या ठिकाणी जे उपयोगी पडते ते टिकते, इतकेच.

अभियंत्यांनी ही पद्धत वापरलीही आहे. नासाने २००६ मध्ये सोडलेल्या एसटी५ उपग्रहांवरच्या एका अँटेनाचा वेडावाकडा आकार संगणकावर यादृच्छिक बदल आणि निवड यांच्या फेऱ्यांतून मिळाला होता. मोजमापाचे निकष माणसाने दिले, आकार कोणी काढला नाही.

७. आक्षेप पाचवा: रचना आहे, तर रचनाकार हवा

डोळ्यासारखा अवयव पाहून हा विचार येणे स्वाभाविक आहे. म्हणून रचनेची तपासणी अभियंत्याच्या नजरेने करू. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढून, म्हणजे प्रकाशाच्या वाटेतून, मज्जातंतूंचे जाळे जाते. ते बाहेर पडते तिथे अंधबिंदू तयार होतो. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागच्या बाजूने जातात, म्हणून तिथे अंधबिंदू नाही.

स्वरयंत्राकडे जाणारी एक मज्जा मेंदूकडून निघून छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालून पुन्हा गळ्यात येते. जिराफात हा वळसा काही मीटरचा होतो. कोऱ्या कागदावर कोणी अशी वायरिंग काढणार नाही. माशासारख्या पूर्वजाच्या शरीरात हीच वाट सरळ होती. पुढे मान लांबत गेली, वाट बदलली नाही. जुन्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे पॅच चढवणाऱ्याला हे लगेच ओळखू येईल.

८. आक्षेप सहावा: आमच्या दशावतारात हे आधीच आहे

जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचे सांगितले. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम ऐकायला जुळणारा वाटतो. पण दशावतारात एका जातीतून दुसरी जात निर्माण होत नाही. एकच देव वेगवेगळी रूपे घेतो. त्यात फरक, आनुवंशिकता आणि निवड ही यंत्रणा नाही, आणि चुकीचे ठरू शकेल असे भाकीत नाही. ही तुलना १८७७ मध्ये थिऑसॉफिस्ट ब्लाव्हाट्स्की यांच्या पुस्तकात आढळते, म्हणजे डार्विनच्या पुस्तकानंतर १८ वर्षांनी. कोकण-गोव्याच्या दशावतारी खेळाचे मोल त्याला जीवशास्त्राचे प्रमाणपत्र दिल्याने वाढत नाही.

उत्क्रांती मात्र चुकीची ठरू शकते. जे. बी. एस. हॉल्डेन हे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. उत्क्रांती कशाने खोटी ठरेल, या प्रश्नावर त्यांनी कॅम्ब्रियनपूर्व खडकातल्या सशाच्या जीवाश्माकडे बोट दाखवले, असे सांगतात. असा ससा आजवर मिळालेला नाही.

९. आणि देव?

मी नास्तिक आहे. पण वरच्या एकाही उत्तराला माझ्या नास्तिकतेचा आधार लागलेला नाही, आणि तसा लागला असता तर ते उत्तर कच्चे ठरले असते. उत्क्रांतिशास्त्राची आधुनिक मांडणी करणाऱ्यांपैकी थिओडोसियस डोब्झान्स्की श्रद्धाळू ख्रिस्ती होते. मानवी जनुक प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्सही श्रद्धाळू आहेत. दोघांनीही उत्क्रांती स्वीकारली, कारण पुरावा तसा आहे. उत्क्रांतीमुळे देव नाही हे सिद्ध होत नाही. सजीवांची विविधता समजण्यासाठी देवाला मध्ये आणावे लागत नाही, एवढेच तिच्यामुळे ठरते. त्यापुढचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा.

पुरावा नाकारण्याची किंमत मात्र सर्वांना सारखीच मोजावी लागते. २०११ मध्ये दिल्लीतल्या साचलेल्या पाण्यात आणि नळाच्या काही नमुन्यांत, अनेक प्रतिजैविके निकामी करणारे एनडीएम-१ हे जनुक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प उद्या तुमच्यापैकीच कोणीतरी बांधणार आहे. आपल्या नाल्यात निवड चालू आहे हे त्या अभियंत्याला माहीत असले पाहिजे.

स्वाध्याय

१. १०० ऐवजी १००० नाणी घेऊन दोन्ही नियमांची संगणकीय चाचणी करा. दुसऱ्या नियमात फेऱ्यांची सरासरी कितीने वाढते आणि का?
२. शेताची पूर्ण कड बिगरबीटी कपाशीची असेल तर प्रतिकार पसरण्याचा वेग का मंदावतो, ते जनुकांच्या जोडीच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या शाखेतले असे एक उदाहरण द्या, जिथे जुनी रचना न मोडता नवी बसवल्यामुळे बेढब वळसा तयार झाला. त्याची तुलना जिराफाच्या मज्जेशी करा.
४. उत्क्रांती चुकीची ठरवू शकेल असा, सशाव्यतिरिक्त, एक शोध सुचवा.