नीवाराचे मोल : वन्य भाताच्या जनुकीय विविधतेचे मोजमाप आणि संवर्धन धोरण

१९७० च्या सुमारास आशियातील भात उत्पादकांपुढे ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूजन्य रोगाचे संकट उभे राहिले. तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या या रोगाला तोंड देऊ शकेल असे वाण उपलब्ध नव्हते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयुक्त प्रतिकारक्षमता आढळली ती एकाच नमुन्यात. हा नमुना उत्तर प्रदेशातील गोंडा भागातून गोळा केलेल्या ‘ओरायझा निवारा’ या वन्य भाताचा होता, आणि त्यातीलही सर्व रोपे प्रतिकारक नव्हती. या रोपांतील जनुक पुढे लागवडीच्या भातात आणले गेले. ते धारण करणारे आय. आर. ३६ हे वाण १९७६ मध्ये प्रसारित झाले आणि १९८० च्या दशकात जगभर सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरवर घेतले गेले.

एस. डी. शर्मा आणि एस. व्ही. एस. शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये या प्रजातीचे वर्णन करताना ‘नीवार’ या संस्कृत शब्दावरून तिचे नामकरण केले. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील आश्रमवर्णनातही नीवार येतो. छत्तीसगडमध्ये हलषष्ठीच्या व्रतात नांगर न लागलेल्या जमिनीतील ‘पसहर’ तांदूळच खाल्ला जातो. परंतु तलावांचे काठ, रस्त्याकडेचे खड्डे आणि सखल पाणथळ जागा हेच या वनस्पतीचे घर असल्याने राष्ट्रीय उद्यानांच्या सीमा तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. तिचे जतन नेमके कोठे व किती करावे, हे ठरविण्यासाठी जनुकीय विविधतेचे मोजमाप आवश्यक ठरते.

मोजमाप कसे होते?

वेगवेगळ्या ठिकाणच्या समूहांतून पाने गोळा करून त्यांतील डी.एन.ए.ची चिन्हकांच्या साहाय्याने तपासणी केली जाते. एका जनुकस्थानी किती पर्यायी रूपे, म्हणजेच अ‍ॅलील, आढळतात; ती समूहात कोणत्या प्रमाणात आहेत; आणि एकूण विविधतेपैकी किती भाग एकाच समूहात व किती भाग समूहासमूहांमध्ये विभागलेला आहे, हे त्यावरून कळते.

यांपैकी तिसरी बाब धोरणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. नीवार ही वर्षायू आणि प्रामुख्याने स्वपरागीभवन करणारी वनस्पती आहे. त्यामुळे एका तलावाकाठची रोपे परस्परांशी बरीच सारखी, तर दोन तलावांवरील रोपे बरीच भिन्न असतात. अशा प्रजातीसाठी एकच मोठे क्षेत्र राखण्यापेक्षा अनेक लहान ठिकाणे राखणे अधिक हितावह ठरते. याउलट ‘ओरायझा रुफिपोगॉन’ ही तिची बहुवर्षायू भगिनी-प्रजाती अधिक प्रमाणात परपरागीभवन करते. तिच्या बाबतीत समूहाचा आकार मोठा राखण्याला अधिक महत्त्व येते.

किती रोपांचे बी घ्यावे?

जनुकपेढीसाठी बी गोळा करतानाही गणित उपयोगी पडते. समूहात ५ टक्के प्रमाणात असलेले अ‍ॅलील नमुन्यात येण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास त्या जनुकाच्या किमान ५९ स्वतंत्र प्रती घ्याव्या लागतात. परपरागीभवन करणाऱ्या वनस्पतीत सुमारे ३० रोपे त्यासाठी पुरतात. पूर्णतः स्वपरागी वनस्पतीत मात्र जवळजवळ ६० रोपे लागतात. अ‍ॅलीलचे प्रमाण १ टक्काच असेल, तर ही संख्या सुमारे ३०० प्रतींवर जाते. गोंड्याच्या नमुन्यासारखे दुर्मीळ गुण घाईच्या संकलनात किती सहज निसटू शकतात, हे यावरून लक्षात यावे.

पन्नास आणि पाचशे यांतील अंतर

दिसणारी रोपे आणि पुढील पिढीला जनुके देणारा ‘परिणामकारक समूह’ यांत फरक असतो. परिणामकारक आकार ५० असलेला एकाकी समूह दर पिढीला सुमारे १ टक्का विविधता गमावतो. ५० पिढ्यांनंतर जवळपास ४० टक्के विविधता नाहीशी होते. हाच आकार ५०० असल्यास तेवढ्याच काळातील घट सुमारे ५ टक्के असते. वर्षायू नीवारासाठी ५० पिढ्या म्हणजे अवघी ५० वर्षे होत.

डिसेंबर २०२२ मध्ये स्वीकारलेल्या कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक जैवविविधता आराखड्यात वन्य प्रजातींच्या जनुकीय विविधतेच्या जतनाला स्थान मिळाले. परिणामकारक आकार ५०० हून अधिक असलेल्या समूहांचे प्रमाण हा त्याचा एक निर्देशक आहे. डी.एन.ए.ची माहिती नसेल तेथे प्रत्यक्ष प्रौढ संख्येचा दहावा भाग परिणामकारक आकार मानण्याची पद्धत असल्याने, साध्या गणनेनेही काम सुरू करता येते.

धोरणाची दिशा

आपल्याकडे याची साधने उपलब्ध आहेत. मेघालयातील गारो टेकड्यांत नोकरेक येथे वन्य लिंबूवर्गीय फळझाडांसाठी जनुक-अभयारण्य आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार राज्य शासनांना जैवविविधता वारसा स्थळे घोषित करता येतात, तर स्थानिक व्यवस्थापन समित्यांना आपल्या परिसरातील संपदेची नोंद ठेवता येते. राष्ट्रीय जनुकपेढीत उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला बी दीर्घकाळ टिकते, परंतु ते तेथे बदलत्या रोगकिडींशी व हवामानाशी जुळवून घेत नाही. त्यासाठी मूळ अधिवास टिकणे आवश्यक आहे.

शेजारच्या शेतातील भाताशी होणारा संकर हा आणखी एक धोका आहे. त्यातून वाढणारी रोपे वन्य भासली, तरी त्यांतील मूळ जनुके हळूहळू झाकोळली जातात. हा बदल केवळ डोळ्यांनी ओळखणे कठीण असल्याने ठराविक वर्षांनी पुनर्मोजणी करणे इष्ट ठरते.

तलावाचे खोलीकरण किंवा रस्त्याचे रुंदीकरण हाती घेण्यापूर्वी तेथील काठावर नीवार आहे का, एवढी पाहणी झाली आणि त्याचे बी योग्य संख्येने गोळा झाले, तरी मोठे काम साधेल. गळणाऱ्या दाण्यांचे आणि लांब कुसळांचे हे ‘तण’ भविष्यातील एखाद्या रोगावरील एकमेव उत्तर असू शकते. गोंड्याच्या नमुन्याने ते एकदा सिद्ध केले आहे.