औषधामागचा पैसा (भाग ६) : निकाल कुणाच्या कपाटात?

डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटी आणि परिषदांचा खर्च यांविषयी आपण मागच्या भागात वाचलं. तो प्रभाव निदान डोळ्यांना दिसतो. पण एखादा डॉक्टर कुणाचं पेनसुद्धा घेत नाही, नियमित शोधनिबंध वाचतो आणि तरीही फसतो, तेव्हा काय झालेलं असतं? ‘स्टडी ३२९’ या चाचणीच्या कागदपत्रांत याचं उत्तर आहे.

स्मिथक्लाइन बीचम (नंतरची ग्लॅक्सोस्मिथक्लाइन) या कंपनीने १९९४ मध्ये पॅरॉक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध किशोरवयीन मुलांवर तपासायला घेतलं. उत्तर अमेरिकेतली १२ केंद्रं, २७५ मुलं-मुली, आठ आठवडे. काहींना पॅरॉक्सेटीन, काहींना इमिप्रामीन हे जुनं औषध, उरलेल्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. गुण मोजायचे दोन मुख्य निकष आधीच लिहून ठेवले होते. त्या दोन्हींवर पॅरॉक्सेटीन साध्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

१९९८ च्या कंपनीच्या अंतर्गत टिपणात यावर काय विचार झाला, ते नंतर उघड झालं : मुलांमध्ये उपयोग सिद्ध झाला नाही असं औषधाच्या माहितीत लिहिणं व्यापाराच्या दृष्टीने परवडणार नाही.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या बालमनोविकारशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात निबंध आला. त्यावर २२ जणांची नावं होती. पहिला मसुदा मात्र कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या व्यावसायिक लेखिकेने तयार केला होता. निष्कर्ष : औषध गुणकारी आहे आणि मुलांना सोसतं. नंतर जोडलेल्या काही निकषांवर औषध सरस दिसलं, त्यांनाच निबंधात पुढे केलं होतं. परीक्षा झाल्यावर, जे प्रश्न सुटले तेवढेच प्रश्नपत्रिकेत होते म्हणण्यासारखंच हे. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न ‘भावनिक अस्थिरता’ या सौम्य नावाखाली नोंदले गेले. हाच निबंध घेऊन कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांकडे गेले.

२००३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी १८ वर्षांखालच्यांच्या नैराश्यासाठी हे औषध देऊ नये, असं बजावलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क राज्याने कंपनीवर दावा लावला. तो २५ लाख डॉलरवर मिटला. २०१२ मध्ये या आणि इतर औषधांच्या प्रकरणांत कंपनीने गुन्हा कबूल करून अमेरिकी सरकारशी ३ अब्ज डॉलरची तडजोड केली. २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधकांनी मूळ नोंदी पुन्हा तपासल्या आणि ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उलटा निष्कर्ष मांडला : औषधाने गुण आला नाही, अपाय मात्र वाढला. तीच मुलं, त्याच नोंदी. फक्त वाचणारे डोळे बदलले होते.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकी नियंत्रकांकडे नोंदलेल्या नैराश्याच्या औषधांच्या ७४ चाचण्यांचा हिशेब २००८ मध्ये मांडला गेला. अनुकूल ठरलेल्या ३८ पैकी ३७ छापून आल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नव्हत्या आणि ११ अनुकूल भासतील अशा रीतीने छापल्या गेल्या होत्या. नियतकालिकांवर विसंबणाऱ्या डॉक्टरपुढे जवळजवळ सगळीच विजयगाथा होती.

भारतात २००९ पासून औषधचाचणीची आधी नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे चाचणी झाली हे लपवणं अवघड झालं. पण नोंदणी म्हणजे मूळ आकडेवारी खुली होणं नव्हे, आणि स्टडी ३२९ चं सत्य दडलं होतं ते मूळ आकडेवारीतच.

हे वाचून कुणी चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. मनोविकारांवरची औषधं एकदम सोडणं धोक्याचं असतं. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा. मागणी करायची ती नियंत्रकांकडे : औषधाला परवाना हवा असेल, तर चाचणीच्या सगळ्या नोंदी, रुग्णांची ओळख वगळून, बाहेरच्या अभ्यासकांना खुल्या झाल्याच पाहिजेत. विकणाऱ्यानेच तपासायचं आणि त्यानेच निकाल सांगायचा, याला विज्ञान म्हणता येणार नाही.

(पुढील भागात : आजाराची व्याख्या ठरवणाऱ्या समित्यांवर कोण बसतं?)