कोळपणीच्या दिवसांत कॉलेजची वाट

मृगाचा पाऊस होऊन पेरण्या आटोपतात न आटोपतात तोंच आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं मुलाची पेटी भरण्याची घाई सुरू होते. इतर शाखांच्या विद्यार्थ्यांस यांत कांहीं विशेष वाटण्याचें कारण नाहीं. परंतु जो शेतकीचीच विद्या शिकत आहे, त्याची स्थिति मोठी विलक्षण होते. ज्या पिकाविषयीं त्याला वर्गांत शिकावयाचें, तें पीक घरच्या रानांत चार पानांवर असतें, आणि त्याच वेळीं त्याला तें सोडून जावें लागतें.

लातूर जिल्ह्यांतील एका गांवीं असा एक तरुण आम्हांस नुकताच भेटला. कृषि विषयांत पदवी घेऊन तो एम्. एस्सी. च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास गेला आहे. पहिलें वर्ष पुरें करून तो उन्हाळ्यांत घरीं आला होता, आणि आमची गांठ पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशीं त्याला परत निघावयाचें होतें. "जावेंसें वाटतें कीं नाहीं?" असें आम्हीं विचारलें. तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, "दोन्ही खरें आहे." त्याच्या वडिलांस हें उत्तर आवडलें नाहीं. शिकण्याचा कंटाळा आला असेल तर तसें सांगावें, नाहीं तर मुकाट्यानें जावें, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस मात्र त्या उत्तरांत पुष्कळ तथ्य दिसलें, म्हणून ही हकीकत येथें देत आहों.

त्यानें उन्हाळ्यांत काय केलें तें आधीं सांगितलें पाहिजे. सोयाबीनचें बियाणें पुष्कळ शेतकरी घरचेंच राखतात. पण तें बी फार नाजूक. त्याचें टरफल पातळ, आणि अंकुर टरफलाच्या अगदीं लगत; मळणीयंत्राचे फेरे जास्त झाले किंवा पोतें उंचावरून आदळलें, कीं वरून ठणठणीत दिसणारें बी आंतून मेलेलें असतें. या तरुणानें वैशाख-ज्येष्ठांत शेजाऱ्यांच्या घरोघरीं जाऊन पोत्यापोत्यांतून बी काढलें, ओल्या बारदानावर १००-१०० दाणे ओळींनीं मांडून गुंडाळ्या केल्या, त्या सावलींत ठेवून पाणी शिंपडलें, व सातव्या दिवशीं निकोप अंकुर मोजून ज्याचा त्याला आंकडा सांगितला. शंभरांत ७० उगवले तर एकरीं ३० किलो बी पुरे. ६० च उगवले तर ३५ किलो घ्यावें. त्याहून बरेंच खालीं गेलें तर तें पेरूं नये, तेलाच्या गिरणीस विकावें. हिशेब साधाच आहे. पण तो करून देणारा माणूस दारांत असला म्हणजे होतो, एरव्हीं राहून जातो.

या कामाची त्याला चटक लागली. वर्गांतलें उत्तर बरोबर कीं चूक हें परीक्षक ठरवितो. येथें बारदान उलगडलें कीं ठरतें, आणि पेरणीनंतर आठवड्यानें शेत तें पुन्हां एकदां ठरवितें. पहाटे म्हातारीं माणसें ओट्यावर येऊन "मास्तर, आमचें बी उगवलें का?" म्हणून विचारीत. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलास एवढा मान कॉलेजांत कोण देणार? तेथें हजेरी, टिपणें आणि मागचा बांक. शिवाय मजुरांच्या टंचाईंत कोळपणी-खुरपणी वडिलांच्या एकट्याच्या अंगावर टाकून जायचें, ही टोंचणी निराळीच. वसतिगृहांतील कित्येक सोबती स्पर्धा-परीक्षांच्या पुस्तकांत गढलेले. त्यांच्यांत आणखी एक वर्ष काढलें तर आपणहि रानाकडे पाठ फिरवूं कीं काय, ही भीति त्यानें बोलून दाखविली. ती निराधार आहे असें आमच्यानें म्हणवत नाहीं. आपल्या ओळखीच्या घरांतून किती पदवीधर पुन्हां बांधावर आले, हें ज्यानें त्यानें बोटें मोजून पाहावें.

मग जावेंसें कां वाटतें? त्याचें कारण एका शेतांत आहे. गांवच्या एका गृहस्थांच्या बियांची उगवण बारदानांत ८० टक्के भरली होती. पेरणीहि रीतसर झाली. पाऊस ७५ मिलिमीटरांच्या वर होऊन वाफसा आल्यावरच तिफण धरली. खोली दीड-दोन इंचांपलीकडे नव्हती. दुसऱ्या रात्रीं झोडपून पाऊस आला, मागाहून कडक ऊन पडलें, आणि मातीवर पापुद्रा धरला. त्या शेतांत जेमतेम निम्में रोप वर आलें. बांधापलीकडे, त्याच मातींत व त्याच पावसांत, ८० च टक्क्यांचें दुसऱ्याचें बी मात्र पापुद्रा फोडून दाट उगवलें. ते गृहस्थ रागावले नाहींत. "पोरा, आंकडा तर दोघांचा एकच होता ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें. त्यावर या तरुणाजवळ उत्तर नव्हतें.

उत्तर आहे, पण तें प्रयोगशाळेंत आहे. बारदानांत बियांस ओल मिळते, सावली मिळते, मातीचें ओझें उचलावें लागत नाहीं; म्हणून तेथें अशक्त बीहि अंकुर काढतें. बी जिवंत असणें निराळें आणि जोमदार असणें निराळें. जोम पाहण्याच्या रीती आहेत. बी ४१ अंश सेल्सिअस उष्णतेंत व अत्यंत दमट हवेंत ७२ तास कोंडून मग उगवावयास घालतात, म्हणजे जें आधींच थकलेलें तें तेथें हात टेकतें. किंवा बी पाण्यांत भिजवून त्या पाण्यांतून वीज किती सहज वाहते तें मोजतात. कारण दुबळ्या बियांतून क्षार अधिक झिरपतात. हें सारें त्यानें वर्गांत ऐकलें होतें, परीक्षेंत लिहिलेंहि होतें. त्याचा अर्थ त्याला त्या पापुद्र्यापाशीं बसल्यावर कळला.

शेत आणि वर्ग यांचें वैर आहे अशी समजूत आपल्यांत बरीच दृढ आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या खेड्याची कसून पाहणी करून १९१७ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे किती पडले आणि कर्ज किती, हें त्यांत मोजून दिलें आहे. तें काम कॉलेजच्या खोलींत बसून झालें नसतें, आणि मोजण्याची शिस्त नसती तर जन्मभर खेड्यांत राहूनहि झालें नसतें. आम्हीं हें त्या तरुणाच्या वडिलांस सांगितलें. त्यांनीं हो-नाहीं कांहीं म्हटलें नाहीं. पण विरळ शेतांतील आणि दाट शेतांतील रोपें एकेका चौरस मीटरांत मोजून वहींत लिहून ठेवण्याचें त्यांनीं आपण होऊन पत्करलें. विरळ शेत त्या गृहस्थांनीं मोडलें नाहीं. रिकाम्या जागीं तूर टोबून घेतली.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस्. टी. नें तो गेला. पेटींत कपड्यांवर दोन कापडी पिशव्या होत्या, दोन्ही बियांच्या, प्रत्येकीं अर्धा किलो; मळणीची तारीख व शेतकऱ्याचें नांव चिठ्ठीवर लिहिलेलें. मार्गदर्शक प्राध्यापकांनीं मोकळीक दिली तर तो दोहोंची जोम-परीक्षा याच सत्रांत करणार आहे. निकाल हातीं येतांच आधीं त्या गृहस्थांस कळवावयाचा व मग आमच्याकडे पाठवावयाचा, असें ठरलें आहे. आला म्हणजे तो याच मासिकांत छापूं.