पिशवी हिरवी, दावा फसवा

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. त्यानंतर 'मातीत विरघळणारी', 'पर्यावरणपूरक' अशा पिशव्यांना भाव येणे ओघाने आलेच. पिशवीवर हिरवे पान छापलेले दिसले की ग्राहकही निर्धास्त होतो. हा विश्वास अनेकदा अनाठायी ठरतो.

अशा पिशव्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात नेहमीच्याच पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळतात. ऊन आणि हवा लागली की या क्षारांमुळे पॉलिथिनच्या लांब साखळ्या तुटू लागतात. पिशवीचा भुगा होतो. ती दिसेनाशी होते, पण नाहीशी होत नाही. सूक्ष्म कणांच्या रूपाने ती माती-पाण्यात उरतेच. अख्खी पिशवी निदान वेचता तरी येते, हे कण वेचणार कोण? युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यास मनाई केली आहे.

दुसरा प्रकार मक्याच्या स्टार्चसारखे घटक वापरून केलेल्या, कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचा. हा दावा खोटा नसतो, अर्धा असतो. सुमारे ५८ अंश सेल्सियस तापमान, पुरेसा ओलावा आणि सूक्ष्मजीव ज्या खतप्रकल्पात सातत्याने मिळतात, तेथे या प्लॅस्टिकचे विघटन होते. कचराभूमीत वा गटारात ही परिस्थिती नसते. २६ जुलै २००५ च्या महापुरात प्लॅस्टिकने तुंबलेले नाले मुंबईकर विसरलेले नाहीत. नाल्यात अडकलेली 'हिरवी' पिशवीही पाणी तितकेच अडवते.

पर्यावरणाच्या नावाखालील या दिशाभुलीला 'ग्रीनवॉशिंग' म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यानुसार 'हरित', 'पर्यावरणपूरक' असे मोघम शब्द पुरावा आणि स्पष्टीकरण दिल्याविना वापरता येत नाहीत. कंपोस्ट होणाऱ्या पिशवीच्या उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घेणे आणि आपले नाव व प्रमाणपत्र क्रमांक देणे बंधनकारक आहे.

तेव्हा ग्राहकाने हिरव्या पानाऐवजी हा क्रमांक शोधावा. तो नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. अर्थात, वर्षानुवर्षे धुऊन वापरता येणाऱ्या कापडी पिशवीला अशा कोणत्याच दाव्याची गरज भासत नाही.