उपासनेपलीकडचा ख्रिस्ती धर्म : पुण्यातील आचरणाची परंपरा

बाहेरच्या माणसाला एखाद्या धर्माची पहिली ओळख होते ती त्याच्या देवालयांवरून, सणांवरून आणि उपासनेच्या रीतींवरून. पुण्यातील ख्रिस्ती समाजाकडेही इतर पुणेकर बहुधा याच वाटेने पाहत आले आहेत. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७९२ मध्ये, पेशव्यांच्या सैन्यातील पोर्तुगीज ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी जागा मिळून उभे राहिलेले क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च, गुरुवार पेठेतील १८८५चे पवित्र नाम देवालय आणि नाताळात उजळून निघणारा कॅम्पचा परिसर ही या समाजाची ठळक चित्रे होत. मात्र ख्रिस्ती शिकवणुकीनुसार श्रद्धेचा निवाडा देवालयात होत नाही; तो घरात, कामाच्या ठिकाणी आणि परक्या माणसाशी होणाऱ्या रोजच्या व्यवहारात होतो. ही शिकवण प्रत्यक्ष जगायची म्हणजे काय करायचे, या प्रश्नाला पुणे शहराने आणि त्याच्या परिसराने गेल्या दीडशे वर्षांत दिलेली उत्तरे ख्रिस्ती वाचकांनी जशी जाणून घ्यायला हवीत, तशीच इतरांनीही.

या शिकवणुकीचा आधार बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशूचे चरित्र आणि त्याच्या पहिल्या शिष्यांची पत्रे ज्यात आहेत त्या भागात, सापडतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाच ते सात या अध्यायांना ‘डोंगरावरील प्रवचन’ म्हणतात. वैऱ्यावर प्रीती करावी, दानधर्माचा गाजावाजा करू नये, दुसऱ्याला दोष देण्याआधी स्वतःकडे पाहावे आणि वेदीवर अर्पण वाहण्यापूर्वी रागावलेल्या भावाशी समेट करावा, असे दैनंदिन वर्तनाचे नियम त्यात एकापाठोपाठ एक आले आहेत. त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या वर्णनात माणसाला त्याची मते विचारली जात नाहीत. भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याची आणि बंदिवानाची विचारपूस केली का, एवढेच पाहिले जाते. याकोबाचे पत्र तर कृतीवाचूनच्या श्रद्धेला निर्जीव ठरवते. थोडक्यात, ख्रिस्ती धर्मात आचरण हे श्रद्धेच्या शेवटी जोडलेले परिशिष्ट नसून तिचा पुरावा आहे.

हा पुरावा किती प्रभावी ठरतो, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील एका वळणावरून दिसते. १८५८ मध्ये जन्मलेल्या आणि कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या रमाबाई पतिनिधनानंतर १८८२ मध्ये पुण्यात आल्या, त्यांनी येथे आर्य महिला समाज स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनींनी, म्हणजे अविवाहित राहून सेवेचे व्रत घेतलेल्या ख्रिस्ती स्त्रियांनी, त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी चालवलेला आश्रम दाखवला. ज्यांना समाजाने दाराबाहेर काढले होते त्या स्त्रियांना तेथे मायेने वागवले जात होते, आणि सावरलेल्या स्त्रिया पुढे इतरांची सेवा करत होत्या. या दर्शनाचा आपल्या मनावर झालेला खोल परिणाम रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदवला आहे. अशा स्त्रियांविषयी ही करुणा कोठून येते, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या समाजातील, स्त्रीची विहिरीकाठची कथा सांगण्यात आली. वेदशास्त्रांत मुरलेल्या या विदुषीला आधी आचरण दिसले आणि त्यामागचा सिद्धान्त नंतर कळला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, घेतला.

ताटातली परीक्षा

श्रद्धा आचरणात उतरली की नाही याची पहिली परीक्षा महाराष्ट्रात ताटावर होत असे. ख्रिस्ती उपासनेचा गाभाच मुळी एक भोजन आहे. येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या जेवणाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या या विधीला ‘प्रभुभोजन’ म्हणतात, कॅथलिक परंपरेत तो मिस्साच्या उपासनेत होतो, आणि त्यात सर्वांनी एकाच भाकरीत वाटा घ्यावा अशी कल्पना आहे. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी प्यावे याचेही नियम होते, तेथे अशा भोजनाचा अर्थ नुसता धार्मिक राहणे शक्य नव्हते. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींना चहा-बिस्किटे देण्यात आली, हजर असलेल्यांची नावे वृत्तपत्रात छापून आली आणि शहरात मोठे वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, लोकमान्य टिळकांसारखे नेतेही त्यात गोवले गेले आणि न्यायमूर्ती रानड्यांना १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहाच्या एका पेल्याने समाजाची घडी हलते, हे पुण्याने त्या वेळी अनुभवले.

परंतु बाप्तिस्मा घेतल्याने मनातली जात आपोआप नाहीशी होत नाही, हेही तितकेच खरे आहे. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळे सांभाळून आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. पतीने त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, ही खूणगाठ लक्ष्मीबाईंच्या मनात हळूहळू पक्की झाली, त्यांनी शिवाशीव सोडली आणि त्यानंतर १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातील हा प्रवास म्हणूनच धर्मांतराच्या कथेपेक्षा मोठा ठरतो, कारण त्यात वर्तन आधी बदलते आणि संस्कार मागून येतो. उलटपक्षी, मंडळीत एका भाकरीचे वाटेकरी असलेल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांत सोयरीक जुळवताना पूर्वाश्रमीची जात विचारली जाते. तेथे श्रद्धा देवालयाच्या उंबरठ्यावरच थांबलेली असते.

ताटाचा प्रश्न उलट बाजूनेही सुटावा लागतो. ख्रिस्ती होणे म्हणजे इंग्रजी रीतीने खाणे व राहणे, असा समज त्या काळी शासक आणि शासित अशा दोघांचाही होता. रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतरही शाकाहार सोडला नाही, इंग्लंडमधील भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्याचे ठामपणे समर्थन केले, आणि गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे का नसावीत, असा प्रश्न विचारला. आपली भाषा व साधी राहणी न सोडता ख्रिस्ताचे अनुयायी होता येते, हे त्यांनी युक्तिवादाने सांगितले आणि स्वतः तसे जगून दाखवले.

कामाला आलेली भक्ती

दुसरी परीक्षा कामाची. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ ही विधवांसाठीची शाळा व वसतिगृह सुरू केले आणि १८९०च्या अखेरीस ते पुण्यात हलवले. या शाळेतील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात कर्व्यांनी पुढे केलेले काम सर्वश्रुत आहे. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात मुली व तरुण स्त्रिया उपासमारीने आणि त्याहून भयंकर संकटांनी ग्रासल्या आहेत असे कळल्यावर रमाबाई स्वतः तेथे गेल्या व शेकडो जणींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने त्यांना शहरात ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा दौंड तालुक्यातील केडगाव येथे संस्थेच्या शेतजमिनीवर निवारे उभे राहिले आणि त्यातून ‘मुक्ती सदन’ आकाराला आले. १९०० सालच्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या संस्थेचा दिनक्रम जवळून पाहिला म्हणजे ‘सेवा’ या शब्दाला किती कष्टाचा पाया लागतो ते कळते. सकाळची प्रार्थना झाली की मुली शाळेत आणि कामावर जात. हातमाग, शिवणकाम, तेलाचा घाणा, गोठा, शेती, बागकाम आणि छापखाना अशी अनेक खाती तेथे चालत असत, आणि प्रत्येक स्त्रीच्या हाताला असे एखादे कसब यावे, की तिला पुढे कोणाच्या दयेवर जगावे लागू नये, अशी त्यामागची दृष्टी होती. अंध स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग होता व रमाबाईंची कन्या मनोरमा हिने त्यांना ब्रेल लिपी शिकवण्याची सोय केली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते, तर वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी ‘प्रीती सदन’. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे याच छापखान्यात स्त्रियांनी जुळवले. खेड्यातल्या निरक्षर बाईला समजेल अशा सोप्या मराठीचा ध्यास घेऊन त्यांनी हे काम आयुष्याच्या अखेरीपर्यंत केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाल्यानंतर संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकेकाळी अन्नाला मोताद झालेल्या मुलींच्या हातून धर्मग्रंथ छापला जावा, ही श्रद्धा आणि श्रम यांची महाराष्ट्रातील सर्वांत अर्थपूर्ण सांगड म्हणावी लागेल.

मतभेदाच्या प्रसंगी

तिसरी आणि सर्वांत अवघड परीक्षा मतभेदाच्या वेळी होते. शारदा सदनात कोणावरही धर्म लादला जाणार नाही, असे रमाबाईंनी जाहीर केले होते, आणि मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, काही मुली तेथे येऊन बसू लागल्या आणि त्यांच्यापैकी काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसू लागला, तेव्हा १८९३ मध्ये पुण्यात प्रक्षोभ माजला. ‘केसरी’ने कडक टीका केली, रानडे व भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. या वादात दोन्ही बाजूंना काही अंशी न्याय होता. उपासना लपवून करायला सांगणे हा कोणाच्याही श्रद्धेवर अन्याय आहे, पण आश्रयाला आलेली व्यक्ती आश्रयदात्यापुढे पूर्णपणे स्वतंत्र नसते, आणि म्हणून सेवा करणाऱ्याने तिच्या निवडीचे अधिकच जिवापाड रक्षण करायला हवे. सेवेची किंमत म्हणून श्रद्धेची अपेक्षा करायची नाही, हा धडा ख्रिस्ती आचरणाच्या केंद्रस्थानीच असला पाहिजे, कारण येशूच्या प्रसिद्ध दाखल्यातील शोमरोनी माणूस वाटेत जखमी पडलेल्याला उचलतो, त्याच्या उपचारांचा खर्च देतो आणि मोबदल्यात त्याचा धर्म मागत नाही.

मतभेद परक्यांशी असतात तसेच स्वकीयांशीही असतात. १८९७च्या प्लेगच्या काळात पुण्यातील सरकारी रुग्णालय व विलगीकरण छावणीत स्त्रियांची होणारी हेळसांड रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून उघड केली, आणि तो विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत पोहोचला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनी गप्प राहणे पत्करले नाही.

परक्याशी संवाद साधण्याची वाट पुण्यात पुढेही रुंदावत गेली. अँग्लिकन धर्मगुरू जे. सी. विन्सलो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्यात शिवाजीनगरला आला. इंग्रज आणि भारतीय सभासदांनी तेथे एकाच छपराखाली राहावे, खादी वापरावी, जमिनीवर बसून साधे जेवण घ्यावे आणि प्रार्थना व सेवा करावी, असा त्याचा क्रम होता. १९२७ मध्ये येथे आलेले व्हेरियर एल्विन आणि संघातील त्यांचे सहकारी शामराव हिवाळे १९३२ मध्ये मध्य प्रांतातील गोंडांमध्ये राहायला गेले, ते याच वातावरणातून. १९७२ पासून शिवाजीनगरच्या त्याच जागेत अँग्लिकन व कॅथलिक भगिनींनी एकत्र येऊन आश्रमजीवन सुरू केले. जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू मॅथ्यू लेडर्ले यांनी ‘स्नेहसदन’ या संस्थेच्या माध्यमातून हिंदू-ख्रिस्ती संवादासाठी पुण्याच्या पेठांमध्येच बैठक मांडली. शेजाऱ्याचा धर्म त्याच्याच तोंडून आदराने समजून घेणे हेही प्रीतीचे एक आचरण आहे, अशी यामागची धारणा होती.

रोजची शिस्त

थोर व्यक्तींच्या या कथा वाचून सामान्य श्रद्धावंताला असे वाटू शकते, की आश्रम काढल्याशिवाय किंवा दुष्काळात धावून गेल्याशिवाय श्रद्धा आचरणात उतरत नाही. ख्रिस्ती परंपरेने मात्र सामान्य माणसासाठी लहान पण नेमाच्या वाटा आखून दिल्या आहेत. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लॉयोला यांनी सोळाव्या शतकात सांगितलेले दैनिक आत्मपरीक्षण ही त्यांपैकी एक होय. दिवसाच्या ठरावीक वेळी शांत बसून, मिळालेल्या चांगल्या गोष्टींबद्दल आभार मानणे, कोणाशी कसे वागलो ते एकेक प्रसंग घेऊन तपासणे, चुकले असेल तेथे क्षमा मागणे आणि उद्या काय सुधारायचे ते ठरवणे, एवढाच त्याचा क्रम आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातही केवळ आहाराचा संयम अपेक्षित नसून, प्रार्थना व दानधर्म ही त्याची दुसरी दोन अंगे आहेत, आणि उपवासामुळे वाचलेले पैसे गरजूंपर्यंत पोहोचावेत हा त्यामागचा हेतू आहे.

ही शिस्त आजच्या पुण्यात कोठे लागू पडते, हे शोधायला फार दूर जावे लागत नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंना पगारी सुटी आणि बसायला सारखीच खुर्ची मिळते का, भाडेकरू ठेवताना त्याची जात व धर्म विचारला जातो का, दुकानातला हिशेब चोख असतो का, रुग्णालयाच्या रांगेत गोंधळलेल्या खेडुताला कोणी खिडकी दाखवते का, आणि वर्षानुवर्षे अबोला धरलेल्या भावाला नाताळच्या फराळाआधी फोन जातो का, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही प्रवचनापेक्षा स्पष्ट असतात. डोंगरावरील प्रवचनात ज्या गोष्टींची अपेक्षा केली आहे, त्या नेमक्या याच आहेत.

पुण्याच्या ख्रिस्ती परंपरेचा निर्वाळा असा, की ज्यांनी आपल्या श्रद्धेची भिंत केली त्यांची नावे मागे पडली, आणि ज्यांनी तिचे अन्न, काम व आसरा केला त्यांचे ऋण धर्माच्या सीमा ओलांडून साऱ्या महाराष्ट्राने मान्य केले. म्हणून ख्रिस्ती वाचकाने येत्या रविवारच्या उपासनेला निघताना गेल्या सहा दिवसांचा हिशेब स्वतःपुरता मांडावा, आणि अन्य धर्मीय वाचकाने आपल्या परंपरेतील दयाधर्मही त्याच मापाने तपासून पाहावा, कारण माणसाशी माणसासारखे वागण्याची जबाबदारी कोणत्याही एका धर्माकडे सोपवून इतरांना मोकळे होता येणार नाही.