आधी तपासणी, मग जडीबुटी





या अंकात मी ज्या विषयावर लिहीत आहे, तो आपल्या मंडळीत किंवा पाड्यावरच्या बैठकीत सहसा कोणी काढत नाही. पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी, त्यांचे हॉर्मोन्स आणि त्यासाठी घेतली जाणारी जडीबुटी, असा हा विषय आहे. आपल्या पत्रिकेत हे शोभेल का, असे मलाही वाटले होते. गेल्या पावसाळ्यात घडलेला एक प्रसंग सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आमच्या कामाच्या भागात सातपुड्याच्या पायथ्याशी एक पाडा आहे. तिथल्या एका वृद्ध बांधवाला सगळे आबा म्हणतात. दोन वर्षांपासून आबा रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत. पाड्यावरचे वैदूकाका त्यांना गोखरू आणि पुनर्नव्याचा काढा देत. आठवडे बाजारात जीपमधून औषधे विकणाऱ्याकडून त्यांनी ‘मर्दानी ताकदी’च्या चूर्णाचा डबाही घेतला होता. पावसात खोकला वाढला तेव्हा धोतऱ्याच्या सुक्या पानांचा धूर घेतला, वर दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या. दुसऱ्या दिवशी लघवी पूर्ण बंद झाली.

रात्री अकराला त्यांचा मुलगा माझ्या दारात आला. ओढ्याला पाणी होते, १०८ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकत होती. आम्ही चौघांनी आबांना बांबूच्या झोळीत घालून तिथवर नेले. रुग्णालयात नळी घातली तेव्हा सव्वा लिटर लघवी निघाली. सुमारे अर्धा लिटर झाले की माणसाला थांबवत नाही, यावरून त्यांच्या वेदनांचा अंदाज करा. मूत्रपिंडांवरही ताण आला होता. डॉक्टरांनी विचारले, ‘‘आबा, दोन वर्षं कोणाला दाखवलं का नाही?’’ आबा म्हणाले, ‘‘वय झालं की असंच व्हतं ना, डॉक्टर?’’

मी खाली मान घालून उभा होतो. त्याआधी वर्षभर मी आबांच्या घरी अनेकदा मुक्कामाला राहिलो होतो. ते रात्री उठतात हे मला माहीत होते. सकाळी मी गमतीने विचारायचो, ‘‘आबा, रात्रभर पहारा देता का?’’ ते हसायचे, मीही हसायचो.

ही ग्रंथी काय आहे?

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. वीर्यातील काही द्रव ती तयार करते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या आसपास सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत ही वाढ आढळते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण मधला मार्ग दाबला गेला की धार बारीक होते, सुरुवातीला जोर द्यावा लागतो, थेंब थेंब होत राहते, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि रात्री झोपमोड होते.

या वाढीमागे पुरुषी हॉर्मोन असते. टेस्टोस्टेरॉनपासून ग्रंथीच्या आत डीएचटी नावाचे अधिक प्रभावी हॉर्मोन तयार होते आणि ते ग्रंथीला वाढवते. वयाबरोबर रक्तातील टेस्टोस्टेरॉन थोडे थोडे कमी होत गेले तरी ग्रंथीतले हे काम चालूच राहते. म्हणून ‘हॉर्मोन वाढवा, प्रोस्टेट सुधारेल’ ही बाजारातली भाषा चुकीची आहे. अमेरिकेतील डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी हॉर्मोनवर पोसला जातो आणि ते कमी केले की आटोक्यात येतो. या कामासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मग तपासणी न करता हॉर्मोन वाढवण्याचे औषध घेणे किती जोखमीचे, हे लक्षात येईल.

जडीबुटी काय करते, काय करत नाही?

मी जडीबुटीच्या विरोधात नाही. आजारी हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला यशया संदेष्ट्यानेच सांगितले होते. प्रोस्टेटच्या कर्करोगावर वापरले जाणारे डोसेटॅक्सेल हे औषधही यू नावाच्या झाडाच्या पानांतील द्रव्यापासून बनवले जाते. देवाने रानात गुण ठेवले आहेत. पण प्रत्येक मुळीचा गुण वेगळा, म्हणून एकेक पाहू.

सॉ पाल्मेटो हे अमेरिकेच्या आग्नेय भागातले बुटके ताडवर्गीय झाड. त्याच्या फळांच्या अर्काच्या गोळ्या प्रोस्टेटसाठी जगभर विकल्या जातात आणि आता आपल्याकडेही महाग दराने मिळतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२५ पुरुषांपैकी काहींना हा अर्क आणि काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी वर्षभर दिली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २०११ मध्ये तिप्पट मात्रेपर्यंत देऊन केलेल्या चाचणीचाही निष्कर्ष तोच निघाला. पैसे वाया जातात, एवढे तरी नक्की म्हणता येईल.

पायजियम ही आफ्रिकेतील डोंगराळ रानातल्या झाडाची साल. काहींना तिने थोडा आराम पडतो. पण मागणी एवढी वाढली की झाडे सोलून मारली गेली आणि १९९५ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणावे लागले. आपल्या रानातली सफेद मुसळी कशी ओरबाडली गेली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

सफेद मुसळीच्या एका प्रसिद्ध जातीच्या शास्त्रीय नावात आपल्या मुंबईचे बोरिवली आहे. ही मुळी पौष्टिक म्हणून घेतात. वाढलेल्या प्रोस्टेटवर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

गोखरू, म्हणजे शेतात पायाला टोचणारे सराटे, आणि पुनर्नवा, म्हणजे घेटुळी. लघवी साफ व्हावी म्हणून आयुर्वेदात आणि आपल्या वैदूंकडे त्यांचा वापर जुना आहे. गोखरूने टेस्टोस्टेरॉन वाढते असा प्रचार होतो, पण निरोगी तरुणांवर केलेल्या चाचणीत तसे दिसले नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लघवीचे प्रमाण वाढवणारा काढा मार्ग मोकळा असेल तर ठीक. मार्गच दाबलेला असेल, तर पाटाचे तोंड बुजलेले असताना वरून पाणी सोडल्यासारखे होते.

खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य असते. कंपवातात डॉक्टर हेच द्रव्य मोजून देतात. अंदाजे चमचाभर घेतल्यास रक्तदाब उतरणे, उलट्या, भ्रम असे त्रास होऊ शकतात.

धोतऱ्यापासून फार सांभाळा. त्यात ॲट्रोपीनसारखी विषारी द्रव्ये आहेत. ती मूत्राशयाचा स्नायू ढिला पाडतात, त्यामुळे प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडकू शकते. झोप आणणाऱ्या सर्दीच्या अनेक गोळ्याही हेच करतात. आबांच्या बाबतीत हेच घडले असावे, असे डॉक्टरांनी सांगितले.

भोपळ्याच्या बिया मात्र खुशाल खा. लघवीच्या तक्रारींत त्यांनी थोडा आराम पडल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. त्यांनी ग्रंथी लहान होत नाही, पण त्या अन्न आहेत, मूठभर खाल्ल्याने नुकसान नाही.

राहिले बाजारातले ‘ताकदी’चे चूर्ण. अशा चूर्णांत आणि गोळ्यांत सिल्डेनाफिलसारखे ॲलोपॅथीचे औषध न सांगता मिसळलेले अनेक देशांतील औषध खात्यांना वारंवार सापडले आहे. हृदयविकारासाठी जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसाने असे चूर्ण घेतले, तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. डब्यावर कंपनीचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक छापलेले नसतील तर तो घेऊ नका.

तपासणी कशासाठी?

कारण रात्री उठण्याची कारणे अनेक असतात. मधुमेह असेल तरी लघवी वाढते. जंतुसंसर्ग असू शकतो, खडा असू शकतो. संध्याकाळचा चहा किंवा मोहाची दारूही असू शकते. प्रोस्टेटचा कर्करोग तर सुरुवातीला काहीच त्रास देत नाही, पुढे कंबर किंवा हाडे दुखू लागतात. हे सगळे एकाच काढ्याने ओळखता येत नाही. काढ्याने जरा बरे वाटले की माणूस थांबतो आणि आतला आजार वाढत राहतो.

डॉक्टर लघवी आणि रक्तातील साखर तपासतात, पोटाची सोनोग्राफी करतात, बोटाने ग्रंथी तपासतात आणि गरज वाटल्यास पीएसए ही रक्ताची चाचणी सांगतात. पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच, असे नाही, पण पुढे तपासायला हवे. साध्या वाढीवर टॅम्सुलोसिनसारख्या गोळीने बऱ्याच जणांना काही दिवसांतच धार सुधारल्याचे जाणवते. ग्रंथी लहान करणाऱ्या फिनास्टेराइडला सुमारे सहा महिने लागतात. गोळ्यांनी भागले नाही तर दुर्बिणीने शस्त्रक्रिया करतात, पोट फाडावे लागत नाही. आबांची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली.

लघवी पूर्ण अडली, लघवीत रक्त दिसले, किंवा तापासोबत जळजळ झाली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि कोणती मुळी, कोणता काढा चालू आहे ते डॉक्टरांपासून लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांशी काही मुळ्यांचे जमत नाही.

वैदूकाकांची भेट

आबा घरी आल्यावर मी वैदूकाकांकडे गेलो. दोष द्यायला गेलो नव्हतो, कारण मी स्वतःच तितका दोषी होतो. सगळे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘दादा, मला मुळी ओळखता येते. माणसाच्या आतलं मला कसं दिसणार?’’ त्या दिवसापासून आमचे ठरले आहे. लघवीची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषाला ते आधी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात पाठवतात. तपासणीचा कागद पाहिला की मग काय द्यायचे ते ठरवतात. आतापर्यंत त्यांनी तिघांना पाठवले. एकाला मधुमेह निघाला. एकाची गोळी सुरू झाली. तिसऱ्याचे पीएसए वाढलेले आहे, पुढच्या तपासणीसाठी त्याला जिल्ह्याला न्यायचे आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा.

एक विनंती. आपले पुरुष हे दुखणे बायकोलाही सांगत नाहीत. म्हणून माताभगिनींनो, तुम्ही विचारा. पाळकांनो आणि सेवकांनो, घरभेटीत पन्नाशीपुढच्या प्रत्येक बांधवाला तीन प्रश्न विचारा: रात्री किती वेळा उठता? धार बारीक झाली आहे का? कधी रक्त दिसले का? मी आता विचारतो. पहिल्या वेळी जीभ अडखळली. पण समोरच्या माणसाला कोणीतरी विचारावे असे कधीपासून वाटत होते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

आबा आता रात्री एकदाच उठतात. परवा मुक्कामाला होतो तेव्हा सकाळी तेच म्हणाले, ‘‘दादा, पहारा बंद केला बरं का.’’