चिंचोळी वाट आणि एक गोळी

मुतखड्यावर शस्त्र चालवण्याची धास्ती वैद्यकाइतकीच जुनी आहे. सुश्रुतसंहिता सांगते की अश्मरीवर आधी औषधे द्यावीत. ती निष्फळ ठरली तरच शस्त्रकर्म करावे आणि तेही राजाची अनुमती घेऊन, कारण कुशल वैद्याच्या हातूनही यशाची खात्री नसते. हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत तर खड्यासाठी छेद घेणार नाही, असेच वचन आहे. आज छेद न घेता मूत्रपिंडातला खडा फोडता येतो. तरीही ‘आधी औषध’ हा क्रम वेगळ्या अर्थाने परत येत आहे.

दुर्बीण मूत्रमार्गातून मूत्राशयात आणि तेथून मूत्रवाहिनीने वर मूत्रपिंडात जाते. खरी अडचण या मूत्रवाहिनीची. लांबी २५ ते ३० सेंटिमीटर, आतला व्यास जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर, आणि तीन ठिकाणी ती आणखी आवळलेली. १९१२ मध्ये अमेरिकी शल्यचिकित्सक ह्यू हॅम्प्टन यंग यांनी प्रथम या वाटेने मूत्रपिंडापर्यंत दुर्बीण नेली, ती एका बालरुग्णात. तुंबलेल्या लघवीमुळे त्या मुलाची मूत्रवाहिनी आधीच फुगलेली होती. म्हणजे वाट आजारानेच रुंद करून ठेवली होती.

इतरांच्या बाबतीत ती रुंद कशी करायची? १९७४ मध्ये ताकायासू आणि आसो या जपानी डॉक्टरांनी एक बाहेरची नळी वर्णिली. ती एकदा बसवली की दुर्बीण तिच्यातून सहज ये-जा करते. आत सोडलेले पाणीही बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंडातला दाब वाढत नाही आणि जंतू रक्तात ढकलले जाण्याचा धोका घटतो. पण बऱ्याचदा वापरली जाणारी अशी नळी बाहेरून साडेचार मिलिमीटरहून थोडी जाडच असते. ऑलिव्हिए त्राक्सेर आणि थॉमस यांनी २०१३ मध्ये ३५९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. नळी काढताना मूत्रवाहिनी तपासली, तेव्हा ४६.५ टक्के रुग्णांत तिला इजा दिसली, १३.३ टक्क्यांत ती स्नायूच्या थरापर्यंत गेलेली होती. आधीपासून स्टेंट घातलेल्यांत गंभीर इजा फारच कमी होती. मात्र स्टेंट म्हणजे आणखी एक प्रक्रिया, आणि तो असेपर्यंत जळजळ व वारंवार लघवीची भावना.

येथे गोळी उपयोगी पडते. मूत्रवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतात आणि त्यांवर ‘अल्फा’ ग्राहके असतात, विशेषतः खालच्या भागात. नॉरअ‍ॅड्रेनलिन त्यांना जाऊन भिडले की स्नायू आवळतो. टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन ही औषधे ती ग्राहके अडवतात आणि स्नायू सैलावतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांसाठी ती मुळात तयार झाली. २०१८ मध्ये कोरियातील संशोधकांनी नळी सरकवताना लागणारे बळच मोजले. आधी सिलोडोसिन घेतलेल्यांत ते कमी लागले, आणि ते ६०० ग्रॅमच्या आत ठेवले तर गंभीर इजा टाळता येते, असे त्यांना आढळले. नंतरच्या चाचण्यांचा एकत्रित कलही याच बाजूला आहे. किती दिवस आधी गोळी सुरू करावी, याची पद्धत मात्र सर्वत्र एक नाही.

गोळीच्याही मर्यादा आहेत. रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. पुरुषांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ शकते. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील डॉक्टरांनी दाखवले की टॅमसुलोसिन घेणाऱ्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवेळी डोळ्यातली परितारिका (आयरिस) लुळी पडू शकते. म्हणून ही गोळी कधीही घेतली असेल तर नेत्रतज्ज्ञाला सांगितलेच पाहिजे. शिवाय ती जंतुसंसर्ग रोखत नाही. त्यासाठी आधी लघवीची कल्चर तपासणी आणि योग्य प्रतिजैविक लागतेच.

आणि गोळी घेऊनही वाट सैल झाली नाही तर? तेव्हा जोर न लावता थांबणे, स्टेंट घालून आठवडा-दोन आठवड्यांनी पुन्हा येणे, हेच शहाणपण. शुद्धीवर आल्यावर ‘खडा अजून काढलेला नाही’ असे ऐकणाऱ्या रुग्णाला ते अपयश वाटते. पण डॉक्टरने थांबायचे ठरवले, म्हणून त्याची मूत्रवाहिनी शाबूत राहिलेली असते.